गर्भपाताची गोळी : पुणे, पॅरिस आणि परभणी

१/
भारतात २०१५ या एका वर्षात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले आणि त्यांपैकी ८१ टक्के गोळ्यांनी झाले. हा अंदाज मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेतील संशोधकांनी अन्य संस्थांच्या साहाय्याने मांडला. म्हणजे गोळी हीच आज देशातील गर्भपाताची मुख्य पद्धत आहे. तरीही ‘गर्भपात म्हणजे गुन्हा’ ही समजूत मराठवाड्यातून पुसली गेलेली नाही. ती समजूत कोठून आली, ही गोळी कोठून आली आणि ती आपल्याला योग्य आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार स्त्रीकडे कसा, किती आणि कोणाच्या हातून पोहोचला, याचा हा धागा.

२/
प्रारंभ शब्दांपासून करावा लागतो. मराठीत गर्भ राहण्याला ‘दिवस जाणे’ म्हणतात. तो संपवण्याला ‘पाडणे’, ‘खाली करणे’, ‘पिशवी साफ करणे’ असे अनेक शब्द आहेत. ‘पाळी आणणे’ हा त्यांतील सर्वांत सावध शब्द. त्यात गर्भाचा उल्लेखच नाही. चुकलेली पाळी परत आणली, एवढेच. गर्भाची हालचाल जाणवण्यापूर्वीची अवस्था आणि नंतरची अवस्था यांत स्त्रिया फरक करीत आल्या आहेत. इंग्रजांच्या दंडसंहितेनेही शिक्षा ठरवताना हाच फरक मानला होता, हे पुढे दिसेल.

३/
जुन्या काळी उपाय काय होते? सुश्रुतसंहितेत ‘मूढगर्भा’चे प्रकरण आहे. अडलेला वा मृत गर्भ काढून मातेचा जीव वाचवण्याची शस्त्रक्रिया तेथे वर्णिली आहे. नको असलेल्या गर्भासाठी मात्र गावगाड्यात वेगळीच साधने होती : कच्ची पपई, गाजराचे बी, ‘उष्ण’ पडणारे काढे. त्यांनी बहुधा काहीच होत नसे. मग रुई, चित्रक किंवा कण्हेर यांची काडी वापरली जाई. न्यायवैद्यकाच्या भारतीय ग्रंथांत या काड्यांची नोंद आहे, कारण त्या वापरलेल्या स्त्रिया जंतुसंसर्गाने वा रक्तस्रावाने दगावत आणि प्रकरण शवविच्छेदनापर्यंत जाई.

४/
१८६० साली भारतीय दंडसंहिता संमत झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून ती ब्रिटिश मुलखात लागू झाली. कलम ३१२ नुसार गर्भपात घडवून आणणे हा गुन्हा ठरला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद; गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी स्त्रीही याच कलमाखाली गुन्हेगार. अपवाद एकच : स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी सद्भावनेने केलेला गर्भपात. लंडनच्या संसदेने १८६१ मध्ये आपल्या देशासाठीही असाच कठोर कायदा केला होता. ब्रिटनने तो १९६७ मध्ये शिथिल केला. भारतात ३१२ ची आशयरूपाने जागा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ ने घेतली आहे.

५/
परभणी तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हती. गोदावरीकाठचा हा जिल्हा निजामाच्या संस्थानात होता आणि संस्थानाचे कायदे स्वतंत्र होते. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर ‘ब’ वर्ग राज्यांसाठी १९५१ साली केलेल्या कायद्याने भारतीय दंडसंहिता १ एप्रिल १९५१ पासून हैदराबाद राज्यात, म्हणजे परभणीतही, लागू झाली. पुण्याच्या स्त्रीला जे कलम १८६२ पासून लागू होते, ते परभणीच्या स्त्रीपर्यंत स्वतंत्र भारताच्या कायद्याने पोहोचले. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात.

६/
या कायद्याचा सर्वाधिक जाच विधवांना झाला. बालविवाह, अकाली वैधव्य आणि पुनर्विवाहास बंदी अशा तिहेरी पेचात सापडलेल्या ब्राह्मण विधवेला दिवस गेले, तर तिच्यापुढे काडी, विहीर किंवा नवजात अर्भकाचा गळा, एवढेच मार्ग उरत. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल ठेवावे वा सोडून जावे. तिला कोणी नाव विचारणार नव्हते. १८७४ मध्ये काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा फुले दाम्पत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत झाला.

७/
१८७५ साली पंढरपुरातही प्रार्थना समाजाशी संबंधित लालशंकर उमियाशंकर यांच्या पुढाकाराने असेच गृह उभे राहिले. वारीला विधवा येत, काही परत जात नसत. त्यामुळे पंढरपूर निवडण्यात अर्थ होता. मग १८८१ मध्ये सुरत जिल्ह्यातील विजयालक्ष्मी या विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे सौम्य करण्यात आली. परंतु वृत्तपत्रांनी मात्र सगळ्या स्त्रीजातीलाच दोषी ठरवले. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी त्या टीकेला उत्तर म्हणून १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. तिला पापात पाडणारा पुरुष कोठे आहे, हा ताराबाईंच्या निबंधामागचा प्रश्न.

८/
येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. फुल्यांनी स्त्रीला आश्रय दिला, ताराबाईंनी तिची बाजू मांडली. पण गर्भ ठेवावा की नाही हे ठरवण्याचे सुरक्षित साधन तेव्हा जगात कोणाकडेच नव्हते. गर्भधारणा टाळण्याचे साधन आधी आले. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले, १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ काढले आणि अश्लीलतेचे खटले ओढवून घेतले. त्यांपैकी एका खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले.

९/
१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाची साधने सरकारने उपलब्ध करावीत, असा ठराव मांडला गेला. आंबेडकरांच्या वतीने पी. जे. रोहम यांनी भाषण वाचले. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर त्यांनी एकापेक्षा अधिक मुलाला कधीच संमती दिली नसती, असा त्यातील एक मुद्दा होता. ठराव नामंजूर झाला. परंतु मूल किती आणि केव्हा, या प्रश्नात स्त्रीच्या शरीराची आणि इच्छेची गणना केली जावी, ही गोष्ट त्या दिवशी एका विधिमंडळात उच्चारली गेली.

१०/
गर्भपाताचा कायदा बदलण्याची वाट महाराष्ट्रातूनच गेली. १९६४ मध्ये केंद्र सरकारने या प्रश्नाच्या अभ्यासासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते महाराष्ट्राचे आरोग्य आणि विधी खात्यांचे मंत्री शांतिलाल शहा. डिसेंबर १९६६ मध्ये अहवाल आला. ५० कोटी लोकसंख्येमागे वर्षाला ६५ लाख गर्भपात होत असावेत, त्यांपैकी ३९ लाख मुद्दाम घडवून आणलेले, असा समितीचा अंदाज होता. कायद्याने बंदी असताना ही संख्या. बंदीने गर्भपात थांबत नाहीत, ते फक्त अंधारात जातात, असा निष्कर्ष त्यातून निघत होता.

११/
१० ऑगस्ट १९७१ रोजी वैद्यकीय गर्भपात कायदा संमत झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून अमलात आला. १२ आठवड्यांपर्यंत एका आणि २० आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात कायदेशीर झाला. पण दंडसंहितेतील कलम रद्द झाले नाही. नव्या कायद्याने त्यातून एक सुरक्षित दार काढले, आणि त्या दाराची किल्ली डॉक्टरच्या हाती दिली. गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारणही फक्त ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ यांच्यापुरते मान्य होते. तरीही संमती केवळ स्त्रीचीच लागेल, पतीची नाही, हे कायद्याने तेव्हाच स्पष्ट केले होते.

१२/
१९७२ हे परभणीच्या स्मरणात वेगळ्या कारणांनी आहे. ते दुष्काळाचे वर्ष होते. स्त्रिया खडी फोडण्याच्या कामावर होत्या. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले. गर्भपाताचा नवा कायदा मात्र खेड्यात पोहोचायला फार वेळ लागला. गर्भपात करायचा तो मान्यताप्राप्त केंद्रात, आणि अशी केंद्रे प्रामुख्याने शहरांत. जिंतूर, पाथरी वा गंगाखेडच्या वाडीवरील स्त्रीला त्यासाठी प्रवास, मजुरीचा खाडा, सोबत आणि सबब, अशा चार गोष्टींची तजवीज करावी लागे. पद्धत होती क्युरेटिंगची : भूल, शस्त्रक्रिया, रुग्णालयातील खाट.

१३/
दुसरी अडचण राज्ययंत्रणेच्या हेतूची होती. कायद्याकडे स्त्रीचे आरोग्य म्हणून पाहावे की लोकसंख्या घटवण्याचे साधन म्हणून, हे धूसर राहिले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक संमत केले. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते टळले. परंतु ‘गर्भ पाडून देतो, आधी ऑपरेशन किंवा तांबी बसवून घे’ ही अट पुढेही अनेक ठिकाणी घातली जात राहिली. कायद्यात अशी अट कोठेही नाही. तिच्या भीतीने स्त्रिया सरकारी रुग्णालय टाळून अप्रशिक्षित व्यक्तींकडे वळल्या.

१४/
१९९० च्या दशकात हे सारे महाराष्ट्रातील संशोधकांनी नोंदवले. मनीषा गुप्ते, सुनीता बांदेवार आणि हेमलता पिसाळ यांनी ग्रामीण स्त्रियांनाच विचारले की, गर्भपात सेवेकडून तुम्हाला काय हवे. गुप्तता, जवळचे ठिकाण आणि पतीच्या सहीचा आग्रह नको, ही उत्तरे त्यांत होती. पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे डॉ. बेला गणात्रा आणि डॉ. सिद्धी हिर्वे यांनी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत गर्भपाताचा अभ्यास केला. डॉ. गणात्रा पुढे जिनिव्हात जागतिक आरोग्य संघटनेच्या असुरक्षित गर्भपात रोखण्याच्या कामाचे नेतृत्व करू लागल्या. खेड्यातील स्त्रियांच्या मागण्यांना उत्तर ठरू शकेल असे एक औषध त्या वेळी युरोपात उपलब्ध झाले होते.

१५/
१९८० मध्ये फ्रान्समधील रूसेल-उक्लाफ या औषध कंपनीत एक संयुग तयार झाले. क्रमांक आरयू-४८६, नाव मिफेप्रिस्टोन. एतिएन-एमील बोलिए हे शास्त्रज्ञ त्याचे प्रमुख पुरस्कर्ते. सप्टेंबर १९८८ मध्ये फ्रेंच सरकारने त्याला परवानगी दिली. विरोधकांच्या दबावाने महिनाभरातच कंपनीने औषध मागे घेतले. तेव्हा आरोग्यमंत्री क्लोद एव्हँ यांनी ते पुन्हा बाजारात आणण्याचा आदेश दिला. हे औषध आता कंपनीची मालमत्ता राहिलेले नसून नैतिकदृष्ट्या स्त्रियांची मालमत्ता झाले आहे, अशी त्यांची भूमिका होती. चीननेही १९८८ मध्येच त्याला मान्यता दिली. अमेरिकेने त्यासाठी २००० साल उजाडू दिले.

१६/
दुसऱ्या गोळीची कथा अधिक विलक्षण आहे. मिसोप्रोस्टॉल हे जठरातील व्रणांवरचे औषध. गर्भिणीने ते घेऊ नये, असा इशारा त्यावर असे. १९८६ पासून ते ब्राझीलमध्ये विकले जाऊ लागले. तेथे गर्भपातावर कडक बंदी होती. ब्राझीलच्या स्त्रियांनी तो इशारा उलट बाजूने वाचला, परस्परांना सांगितला आणि औषधाच्या दुकानांतून ही गोळी घेतली. जंतुसंसर्ग होऊन रुग्णालयात येणाऱ्या स्त्रियांचे हाल त्यामुळे कमी झाल्याचे डॉक्टरांना आढळले. वैद्यकशास्त्राने हा उपयोग स्त्रियांकडून शिकून घेतला.

१७/
आज ही दोन औषधे एकत्र वापरली जातात. गर्भाशयाचे अस्तर टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाला मिफेप्रिस्टोन अटकाव करते, त्यामुळे गर्भाची पकड सुटते. एक-दोन दिवसांनी मिसोप्रोस्टॉल घेतले की गर्भाशय आकुंचन पावते आणि गर्भ बाहेर पडतो. अनुभव नैसर्गिक गर्भपातासारखाच : कळा, पाळीपेक्षा अधिक रक्तस्राव, गाठी. योग्य मुदतीत घेतल्यास शंभरातील पंचाण्णवांहून अधिक स्त्रियांचा गर्भपात पूर्ण होतो. उरलेल्यांना पुन्हा औषध वा पिशवी रिकामी करण्याची छोटी प्रक्रिया लागते. संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी वेगळी. तिने गर्भधारणा टळते. राहिलेला गर्भ पडत नाही.

१८/
भारतात मिफेप्रिस्टोनला २००२ मध्ये परवानगी मिळाली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ च्या नियमांनी सात आठवड्यांपर्यंत ही औषधे डॉक्टरला स्वतःच्या दवाखान्यातून लिहून देण्याची मुभा दिली. अट एवढीच की मान्यताप्राप्त केंद्राशी त्याचा संपर्क असावा. २००८ च्या अखेरीस दोन्ही औषधे एकत्र असलेल्या पाकिटाला मान्यता मिळाली : मिफेप्रिस्टोनची २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉलच्या २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या. मुदत नऊ आठवडे, म्हणजे ६३ दिवस. दुकानदार यालाच ‘एमटीपी किट’ म्हणतात. भूल नको, खाट नको, सोबत-सबबही फारशी नको. १९९० च्या दशकातील त्या मागण्यांपैकी बऱ्याच या पाकिटाने पुऱ्या होण्यासारख्या होत्या.

१९/
याच काळात दुसरा एक प्रवाह वेगाने वाहत होता. गर्भजलपरीक्षेचा वापर मुलगी ओळखून गर्भ पाडण्यासाठी होऊ लागला, तेव्हा मुंबईतील स्त्रीसंघटनांनी १९८० च्या दशकात चळवळ उभारली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातील पहिला लिंगनिदानविरोधी कायदा केला. १९९४ मध्ये केंद्राने तसा कायदा केला. तरीही २०११ च्या जनगणनेत परभणीच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली आढळल्या. मे २०१२ मध्ये परळी वैजनाथ येथे डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका स्त्रीचा मृत्यू झाला आणि राज्य हादरले. २०१९ मध्ये न्यायालयाने मुंडे दाम्पत्याला दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली.

२०/
परळी आणि परभणी एकाच लोहमार्गावर आहेत, मध्ये गंगाखेड. त्यामुळे या प्रकरणाचे पडसाद येथे न उमटते तरच नवल. कारवाई आवश्यकच होती. पण तिचा एक फटका भलतीकडे बसला. औषध प्रशासनाने गर्भपाताच्या गोळ्यांच्या विक्रीची कसून तपासणी सुरू केली आणि कटकट नको म्हणून राज्यातील असंख्य दुकानदारांनी हे पाकीट ठेवणेच सोडले. ‘भ्रूणहत्या पाप आहे’ अशा फलकांनी लिंगनिवड आणि गर्भपात यांतील भेद पुसला. कायदेशीर सेवा मागणारी स्त्री संशयित ठरली.

२१/
येथे आठवड्यांचे गणित मांडले की गफलत दिसते. गोळीची मुदत नऊ आठवडे. सोनोग्राफीत गर्भाचे लिंग दिसू लागते ते साधारण बाराव्या आठवड्यानंतर. म्हणजे मुदतीत घेतलेल्या गोळीचा लिंगनिवडीशी संबंध असू शकत नाही. लिंग कळल्यावर, मुदत उलटून चोरून दिलेली गोळी हा गुन्हाही आहे आणि जिवाला धोकाही. नेमकी हीच विभागणी विसरल्याने, लवकर आलेल्या स्त्रीला गोळी मिळत नाही, ती वणवण करते, आठवडे उलटतात आणि सोप्या उपायाची वेळ निघून जाते.

२२/
कायदा मात्र पुढे सरकला. २४ सप्टेंबर २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे ठरवले आणि अत्याचारपीडित, अल्पवयीन आदी गटांसाठी मर्यादा २४ आठवड्यांवर नेली. ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ जाऊन ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ हे शब्द आले. स्त्रीची ओळख उघड करणे शिक्षापात्र ठरले. गोळीची मुदत नियमांतही नऊ आठवडे झाली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने अविवाहित स्त्रीलाही २४ आठवड्यांच्या तरतुदीचा समान लाभ दिला. तरी किल्ली अजून डॉक्टरच्या मताकडेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये पहिल्या १२ आठवड्यांत अचूक माहिती आणि चांगले औषध हाती असलेल्या स्त्रीच्या स्वव्यवस्थापनाला मान्यता दिली. भारतीय कायदा तेथवर गेलेला नाही.

२३/
मग एखाद्या स्त्रीने गोळी आपल्याला योग्य आहे का, हे कसे ठरवावे? पहिला निकष काळ. आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. पाळी चुकते तेव्हाच चार आठवडे झालेले असतात. हाती उरतात पाच. दुसरा निकष स्वभाव आणि परिस्थिती. गोळीने शस्त्रक्रिया टळते आणि घरी राहता येते. पण प्रक्रियेला दिवस लागतात, रक्त स्वतः पाहावे लागते आणि ते दोन आठवडे थोडेथोडे जाऊ शकते. निर्वात पद्धतीने पिशवी रिकामी करणे काही मिनिटांत, डॉक्टरसमोर पुरे होते. दोन्ही सुरक्षित आहेत. कोणती ‘बरी’, याचे उत्तर प्रत्येकीचे वेगळे असू शकते.

२४/
तिसरा निकष प्रकृती. गर्भ गर्भाशयाबाहेर, नळीत असेल तर या गोळ्या उपयोगी नाहीत आणि तो गर्भ प्राणघातक ठरू शकतो; म्हणून आधीची तपासणी महत्त्वाची. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते. रक्त न गोठण्याचा विकार, रक्त पातळ करणारी औषधे, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइडे, अधिवृक्क ग्रंथींचा विकार यांत गोळी टाळतात. तीव्र रक्तक्षय असल्यासही विचार करावा लागतो. आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना कमीअधिक रक्तक्षय आहे. गोळी चालत नसेल तर गर्भपातच अशक्य, असा याचा अर्थ नव्हे. पद्धत दुसरी निवडावी लागते.

२५/
चौथा निकष ठिकाण, आणि तो परभणीत फार महत्त्वाचा. जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास उचल घेऊन ऊसतोडीला जातात. कोपीत राहणाऱ्या स्त्रीला ना शौचालय, ना पुरेसे पाणी, ना खाडा परवडतो. रक्तस्राव चालू असताना मोळ्या उचलणे आणि अनोळखी तालुक्यात रात्री रुग्णालय शोधणे ही तिची स्थिती असेल, तर घरी घेण्याची गोळी तिच्यासाठी सोयीची ठरेलच असे नाही. त्याच दिवशी मोकळे होणे तिला अधिक योग्य वाटू शकेल. पाळीचा खाडा नको म्हणून गर्भाशय काढून टाकलेल्या ऊसतोड स्त्रियांची संख्या २०१९ मध्ये उघड झाली, तेव्हा हीच परिस्थिती जगापुढे आली होती. पर्याय कागदावर असणे आणि निवडता येणे, या वेगळ्या गोष्टी आहेत.

२६/
धोक्याच्या खुणा थोड्या आणि ठळक आहेत. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजणे, मिसोप्रोस्टॉल घेतल्याला दिवस उलटूनही ताप राहणे, दुर्गंधीयुक्त स्राव, न थांबणारी पोटदुखी वा भोवळ. यांपैकी काही झाले तर तत्काळ रुग्णालय गाठावे. १०८ ची रुग्णवाहिका त्यासाठीच आहे. गोळीनंतर रक्त मुळीच गेले नाही, तरीही तपासणी अत्यावश्यक; गर्भ तसाच, किंवा नळीत असू शकतो. पुढची पाळी येण्यापूर्वीच पुन्हा दिवस जाऊ शकतात, हे अनेकींना कोणी सांगत नाही.

२७/
अधिकार थोडक्यात असे. १८ वर्षे पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी. नवरा, सासू वा वडील यांची सही कायदा मागत नाही. अल्पवयीन मुलीसाठी पालकाची संमती लागते. आणि तिने व पालकाने विनंती केल्यास पोलिसांना कळवताना तिचे नाव उघड करण्याची डॉक्टरवर सक्ती नाही, असे २०२२ च्या निकालात म्हटले आहे. नसबंदीची अट कोणालाच घालता येत नाही. जबरदस्तीने गोळी देणे हाही गुन्हाच. मुलगी नको म्हणून दडपण आणणारे घर आणि मूल हवेच म्हणून अडवणारे घर, दोन्ही ठिकाणी तिची संमतीच डावलली जाते.

२८/
१८६३ मध्ये पुण्यातील त्या घरात आलेल्या विधवेला कोणी नाव विचारले नाही, हा मोठा दिलासा होता. पण तिला काय हवे, हे विचारण्याजोगे साधन तेव्हा नव्हते. १९७२ मध्ये कायदा आला, २००२ मध्ये गोळी, २०२१ मध्ये गुप्ततेची हमी. आता साधनही आहे आणि कायदाही. परभणीच्या स्त्रीसाठी उरलेले अंतर तालुक्याच्या दुकानापासून दवाखान्यापर्यंतचे, आणि ‘हा गुन्हा आहे’ या समजुतीपासून ‘हा माझा निर्णय आहे’ या जाणिवेपर्यंतचे आहे. पहिले अंतर शासनाने कापायचे. दुसरे कापण्यासाठी आठवड्यांचे साधे गणितही उपयोगी पडते.

(धागा समाप्त.)